मराठी-तमिळ घर: ठाण्याच्या टू बीएचकेमध्ये दोन्ही परंपरा कशा नांदवाव्यात

मी ठाण्यात घरांच्या अंतर्गत रचनेचं काम करते. नवरा मराठी आणि बायको तमिळ, किंवा त्याच्या उलट, अशी जोडपी फ्लॅटची चावी हातात आली की भेटायला येतात. तोवर मोबाइलमध्ये फोटोंचा साठा झालेला असतो: चेट्टिनाडचे खांब, वाड्यातले कोनाडे, पितळी समया, वारली चित्रांची भिंत. हे सगळं घोडबंदर रोडच्या साडेसहाशे चौरस फुटांत बसवायचं असतं. फोटोंपासून सुरुवात केली की दोन्हीकडच्या शोभेच्या वस्तू तेवढ्या जमा होतात आणि भाद्रपदात गौरी बसवायला जागा सापडत नाही.

म्हणून मी क्रम उलटा धरते. आधी वर्षभराचे सणवार, मग रोजचा वापर, मग जागा, आणि दिसणं शेवटी. दोन घराण्यांच्या चालीरीती भिंतीवर भेटण्याआधी ओट्यापाशी आणि देवापुढे भेटतात. तिथली सोय नीट लागली की सजावटीचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

उदाहरण मराठी-तमिळ घराचं घेतलं आहे, कारण त्यात मी सर्वात जास्त काम केलं आहे. तुमच्याकडे बंगाली किंवा गुजराती बाजू असेल तर वस्तू बदला, क्रम हाच ठेवा.

पायरी १: वर्षाचा तक्ता

एक मोठा कागद घ्या आणि बारा महिने आडवे मांडा. प्रत्येक सणापुढे चार गोष्टी लिहा: घरात काय मांडलं जातं, त्याला जमिनीवर किती जागा लागते, किती दिवस राहतं, आणि त्या दिवशी किती माणसं येतात.

हा तक्ता भरताना लक्षात येतं की दोन्ही घरांचे सण बहुतेक एकाच वेळी येतात. जानेवारीत संक्रांत आणि पोंगल. हळदीकुंकवाच्या बायका आणि उतू घालवायचं पोंगलचं पातेलं, दोन्ही त्याच आठवड्यात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती बसतो, त्याच दिवशी तमिळ घरात पिळ्ळैयार चतुर्थी असते. इकडे उकडीचे मोदक, तिकडे कोळुक्कट्टै. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे दोन्हीकडे तेल लावून अभ्यंगस्नान होतं. तमिळ घरात तोच दीपावलीचा मुख्य दिवस, हे मराठी सासरच्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे लक्ष्मीपूजनाला माहेरी जायचं की चतुर्दशीला, यावरून ऐनवेळी ओढाताण होत नाही. वेगळे पडणारे सण मोजकेच: चैत्रातली गुढी आणि एप्रिलच्या मध्याला येणारं तमिळ नवं वर्ष पुत्तांडु, कार्तिगै दीपमच्या पणत्या, आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा मार्गळि महिना, ज्यात दारात रोज पहाटे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढतात.

सर्वात दाटीचे दिवस कुठले? जवळजवळ प्रत्येक घरात उत्तर एकच येतं: आश्विनातली नवरात्र. मराठी बाजूचे घट, अखंड नंदादीप आणि वर टांगलेल्या माळा. तमिळ बाजूची गोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. आणि संध्याकाळी सुंडल, म्हणजे कडधान्याची प्रसादाची उसळ, घ्यायला येणाऱ्या शेजारणी. दिवाणखान्याचा आराखडा या नऊ दिवसांना पुरेल असा करा. तो नवरात्रीला पुरला की वर्षभर पुरतो.

पायरी २: मोठ्यांना वेगवेगळं विचारा

आई आणि अम्मा, दोघींशी स्वतंत्रपणे बोला. एकत्र बसवलं की दोघी भिडेखातर "आम्हाला काहीही चालेल" म्हणतात आणि खरं काय ते गृहप्रवेशानंतर कळतं. प्रश्न साधे ठेवा. तुम्ही इथे महिनाभर राहायला आलात तर सकाळी पहिल्यांदा काय करता? पूजा उभ्याने करता की बसून? गुडघे दुखतात का? कुठली गोष्ट घरात नसेल तर जीव रमणार नाही?

मग दोन याद्या करा: "हवंच" आणि "असलं तर बरं". हवंच्या यादीत प्रत्येक बाजूच्या तीनच गोष्टी घ्या. ही मर्यादा पाळायला जड जाते, पण ती पाळल्याशिवाय टू बीएचकेचं नियोजन होत नाही.

मांसाहाराचा विषय इथेच काढा. एक बाजू सीकेपी किंवा आगरी, दुसरी अय्यर, अशी घरं ठाण्यात आहेत. बोंबील तळायचे की नाही, कुठे, कुठल्या भांड्यात, हे स्वयंपाकघराचं चित्र काढण्याआधी ठरायला हवं, कारण त्यावर सिंक, फ्रीज आणि चिमणीच्या जागा अवलंबून आहेत. याबद्दल मी आग्रहाने सांगते: न बोलता सोडलेला हा प्रश्न पुढे सुनेच्या किंवा जावयाच्या एकट्याच्या डोक्यावर येऊन पडतो.

पायरी ३: इमारत काय करू देते ते पाहा

ठाण्यातले बरेचसे नवे टॉवर मिवान पद्धतीचे आहेत. त्यात अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. विटांची भिंत नसतेच. आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. अशा भिंतीत कोनाडा कोरता येत नाही, वायरिंगसाठी खाच पाडता येत नाही, भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करणं तर सोडूनच द्या. कोनाडे हवेच असतील तर भिंतीपुढे सहा इंचांची प्लायची चौकट उभी करून तिच्यात काढा. नौपाड्यातल्या किंवा कोपरीतल्या जुन्या विटांच्या इमारतीत थोडी मोकळीक मिळते. तिथेही बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही.

सोसायटीचं ना हरकत पत्र काम सुरू होण्याआधी घ्या. बिल्डरकडून विजेचा आणि नळाचा नकाशा मागून घ्या. बाल्कनी आत घेणं, ड्राय बाल्कनीची मोरी हलवणं असल्या कामांच्या फंदात पडू नका. गळती खालच्या मजल्यावर जाते आणि शेजार कायमचा दुरावतो.

पायरी ४: दोन्हीकडे आधीच असलेल्या चार गोष्टी

घराचे रंग आणि साहित्य निवडताना "थोडं त्यांचं, थोडं आपलं" अशी वाटणी करू नका. दोन्ही बाजूंना आधीपासून ओळखीचं काय आहे ते शोधा आणि तेच सगळ्या खोल्यांत ठेवा. मराठी-तमिळ घरात अशा चार गोष्टी हमखास सापडतात.

गेरू आणि तांदूळ ही पहिली जोडी. कोलम तांदळाच्या पिठाने काढतात आणि सणाला त्याला गेरूसारख्या लाल मातीची, कावीची कड देतात. वारली चित्रंही गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्यानेच काढली जातात. वारली चित्रं मूळची आपल्याच भागातली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरीचे वारली पाडे ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे गेरूचा तांबडा आणि तांदळाचा मोतिया पांढरा हे रंग दोन्ही घरांना परके वाटत नाहीत. सगळ्या भिंती मोतिया पांढऱ्या ठेवा, एकच भिंत किंवा एकच कोपरा गेरूचा करा.

पुढे पितळ आणि सागवान. समई आणि कुत्तुविळक्कु, म्हणजे तमिळ घरातला उभा दिवा, शेजारी ठेवले तर धातू एक, घडण वेगळी. सागवानाची फळी झोपाळ्याला इकडेही लागते, तिकडच्या ऊंजललाही. लॅमिनेट घ्यायचं झालं तर सागवानी छटेचं एकच घ्या आणि सगळ्या खोल्यांत तेच वापरा. मुठी-कड्या पितळी. एवढ्यावर थांबा. चौथा-पाचवा रंग खण आणि कांजीवरम स्वतःच घेऊन येतात.

पायरी ५: दारापाशी

तमिळ घराची तिण्णै आणि कोकणी घराची ओटी, दोन्हीचं काम एकच: बाहेरून आलेल्या माणसाने टेकायचं, पायातलं काढायचं, पाणी प्यायचं. फ्लॅटमध्ये याची जागा दाराच्या आतला तीन-चार फुटांचा बोळ घेतो. तिथे सतरा-अठरा इंच उंचीचा, पंधरा इंच खोलीचा बाक करा आणि खाली चपलांचे कप्पे द्या. मोठ्या माणसांना उठताना आधार हवा म्हणून बाजूच्या भिंतीला एक लाकडी दांडा लावा.

कोलम आणि रांगोळी बाहेरच्या लॉबीत काढायची तर जागा सामाईक असते आणि आगीच्या वेळी ती वाट मोकळी लागते. शिवाय लॉबीच्या गुळगुळीत टाइलवर पीठ ठरत नाही, पाय लागला की पसरतं. मी उंबरठ्याच्या आतल्या बाजूला दोन फूट बाय तीन फुटांचा खरखरीत फिनिशचा काळा ग्रॅनाइट बसवते. त्यावर रांगोळीही ठरते आणि भिजवलेल्या तांदळाचं ओलं कोलमही. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

आत्तंगुडी टाइलचा मोह बहुतेकांना होतो, आणि तो योग्यच आहे. कारैकुडीजवळच्या आत्तंगुडी गावात काचेवर रंगीत सिमेंट ओतून या टाइल हाताने करतात. त्या भट्टीत भाजत नाहीत, पाण्यात मुरवतात. म्हणून त्या पाणी आणि डाग शोषतात. हळद, लिंबू आणि बाथरूमचं अॅसिड यांनी त्या कायमच्या खराब होतात. जाडी पाऊण इंचाच्या आसपास असल्याने वजनही भरपूर, साधारण चौरस मीटरला चाळीस किलोंच्या वर, खालचा मसाला वेगळा. पूर्ण हॉलभर लावायच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. दारातल्या बोळात किंवा झोपाळ्याखाली चार बाय सहा फुटांचा पट्टा पुरेसा देखणा दिसतो. बाजूची व्हिट्रिफाइड टाइल पातळ असते, त्यामुळे दोन्हीची पातळी एक येईल अशी उंची फरशीवाल्याकडून आधीच मोजून घ्या, नाहीतर रोज पाय अडखळतो.

पायरी ६: देवघर

इथे सर्वात जास्त वेळ द्या.

मराठी देव्हाऱ्यात देव आकाराने लहान असतात: दोन-तीन इंचांचे टाक, बाळकृष्ण, लग्नात माहेराहून आलेली अन्नपूर्णा, शाळिग्राम. त्यांना रोज ताम्हनात घेऊन आंघोळ घालायची, गंध लावायचं. तमिळ घरात बहुधा मोठ्या तसबिरी असतात, वेंकटाचलपती, मुरुगन, लक्ष्मी, आणि समोर जमिनीवर उभा दिवा. एकाला खोली लागते, दुसऱ्याला उंची. सगळं एकाच चौकटीत कोंबलं की टाक तसबिरींमागे लपतात.

माझी मांडणी अशी असते. खाली अठरा इंच खोलीचा दगडी ओटा, बसून पूजा करणाऱ्यांसाठी जमिनीपासून बारा-चौदा इंच उंच. त्यावर पुढे टाकांचा लहान देव्हारा, मागे पायरी. तसबिरी ओट्यावर न ठेवता वरच्या भिंतीवर, त्यांच्यासाठी साधारण तीन फूट उंचीची मोकळी भिंत. उभ्याने पूजा करणारं कोणी असेल तर ओटा तीस इंचांवर घ्या आणि बसणाऱ्यांसाठी स्टूल ठेवा. कुलदैवत मध्यभागी कोणाचं, हा प्रश्न निघतोच. देव्हाऱ्याच्या आत एका घराण्याचं कुलदैवत आणि भिंतीवरच्या तसबिरींत मध्यभागी दुसऱ्याचं, अशी रचना केली तर दोघांनाही मान मिळतो आणि कुणाला हटवावं लागत नाही. गणपती दोघांचा, त्याला ओट्यावर पुढे ठेवा.

आगीचा विचार सुरुवातीलाच करा. ज्योतीच्या थेट वर दोन फुटांच्या आत प्लायची फळी नको. देव्हाऱ्याला छत हवंच असेल तर त्याला आतून दगड किंवा पितळी पत्रा लावा. कापूर आणि तेलाच्या काजळीने पांढरी भिंत वर्षभरात काळवंडते, म्हणून मागे धुता येणारा दगड किंवा टाइल. जवळ खिडकी नसेल तर लहान एक्झॉस्ट पंखा. खाली तीन उथळ खण करा: वाती-कापूर, गंध-विभूती-कुंकू आणि सहाण, तिसरा पोथ्यांचा. निर्माल्याला झाकणाचा डबा वेगळा.

नवरात्रीतले घट देवघरापाशी बसवायचे तर मातीचं पाणी झिरपतं, खाली कड असलेलं पितळी ताट द्या. माळ टांगायला वर एक कडी सुतारकामाच्या वेळीच बसवून घ्या.

पायरी ७: दिवाणखाना आणि एकात एक सरकणाऱ्या पायऱ्या

गोलूला तीन, पाच, सात अशा विषम संख्येच्या पायऱ्या लागतात. चैत्रगौरीची आरास आणि गौरीपुढचा फराळ आपणही पायऱ्यांवरच मांडतो. म्हणजे एकच सामान वर्षातून तीनदा उपयोगी पडतं. पण नऊ दिवसांसाठीच्या पायऱ्या उरलेलं वर्ष ठेवायच्या कुठे? त्यावर मला सापडलेली सर्वात सोयीची रचना सविस्तर सांगते.

पाच बाक करायचे, प्रत्येकाला एक वरची फळी आणि दोन बाजूंचे पाय, पुढून उघडे. सगळ्यांची खोली दहा इंच. उंची अनुक्रमे ४०, ३२, २४, १६ आणि ८ इंच. रुंदी ४८, ४६, ४४, ४२, ४० इंच, म्हणजे दरवेळी दोन इंच कमी. अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरला तर दोन्ही पायांची जाडी मिळून जवळपास दीड इंच जाते आणि अर्धा इंच मोकळा राहतो, त्यामुळे प्रत्येक बाक मोठ्या बाकाच्या पोटात सरकतो. सगळे आत ढकलले की भिंतीला लागून फक्त चार फूट रुंद, दहा इंच खोल एक कपाट दिसतं आणि मधल्या फटींत पुस्तकं मावतात. नवरात्रीत बाहेर ओढले की भिंतीपासून चार फूट दोन इंचांपर्यंत पाच पायऱ्या तयार.

दोन काळज्या घ्या. सर्वात उंच बाकाची खोली उंचीच्या मानाने कमी असल्याने तो पुढे कलंडू शकतो, तो भिंतीला कायमचा पक्का करा. आणि मातीच्या बाहुल्या जड असतात, म्हणून प्रत्येक फळीखाली मागच्या कडेला दोन इंचांची पट्टी मारा, फळी वाकत नाही. पायऱ्यांवर पांढरी वेष्टी (तमिळ धोतर) किंवा साडी अंथरतात, तेव्हा नंदादीप या भागात ठेवायचाच नाही. तो देवघरापाशी, काचेच्या चिमणीत. 'मरप्पाच्ची' नावाच्या रक्तचंदनाच्या बाहुल्यांची जोडी वरच्या पायरीवर बसते, ती अनेक घरांत आईकडून मुलीला लग्नात मिळालेली असते. तिच्या शेजारी मराठी आजीची लाकडी भातुकली मांडलेली मी पाहिली आहे, आणि पाहणाऱ्या बायका तिथेच सर्वात जास्त वेळ थांबतात.

बाहुल्या आणायला ठाण्याहून धिम्या लोकलने माटुंग्याला जा. स्टेशनच्या पूर्वेच्या गल्ल्यांत गोलूच्या आधीचे काही आठवडे बाहुल्या, दिवे, केळीची पानं, फुलं सगळं मिळतं. गणपतीचं मखर याच भिंतीपाशी येईल, त्यामुळे इथे जमिनीपासून दीड फुटावर आणि पाच फुटांवर असे दोन प्लग पॉइंट ठेवा. टीव्ही या भिंतीवर लावू नका.

झोपाळ्याबद्दल दोन्ही घरं एकमताने बोलतात, आणि तिथेच सर्वात जपून राहायला हवं. बसलेली दोन माणसं, सागवानी फळी आणि पितळी साखळ्या मिळून दोनशे किलोंपर्यंत सहज जातात, झोका घेताना ताण आणखी वाढतो. फ्लॅटचा स्लॅब पाच-सहा इंचांचा असतो. त्यात सुताराने ठोकलेल्या हुकावर भरवसा ठेवू नका. इंजिनिअरने बीममध्ये जागा दाखवली आणि सोसायटीने लेखी मान्यता दिली तरच छताला टांगा. नाहीतर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या चौकटीचा झोपाळा घ्या. दोन फूट खोलीच्या फळीला पुढेमागे मिळून सहा फूट वाट लागते. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये तो बाल्कनीच्या दारापाशीच बसतो.

पायरी ८: स्वयंपाकघर

पोळ्या लाटणाऱ्या घराला आणि इडलीचं पीठ वाटणाऱ्या घराला ओटा वेगवेगळा लागतो. नेहमीचा ओटा चौतीस इंचांचा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला त्यावर पोळपाट ठेवून वीस पोळ्या लाटायच्या तर खांदे भरून येतात. ओट्याचा शेवटचा अडीच फूट भाग तीस-एकतीस इंचांवर उतरवा, किंवा तेवढ्याच उंचीवर बाहेर सरकणारी भक्कम फळी करा. याच भागावर मोदकाच्या पाऱ्या होतात आणि चकलीचा सोऱ्याही चांगला दाबला जातो. शेव, चकली, इडियप्पम, तिन्हींचं काम दाबण्याचंच आहे.

कोइम्बतूरचा वेट ग्राइंडर दगडांसह दहा किलोंच्या वर जातो. तो वरच्या कपाटात ठेवला की वापरच थांबतो. सिंकच्या अगदी शेजारी, ओट्यावर कायमची जागा द्या; भांडं धुवायला दूर न्यावं लागत नाही. वर दीड फूट मोकळं ठेवा, झाकण काढून दगड उचलता यायला हवेत. त्याच्याच बाजूला कॉफीचा कोपरा: फिल्टर, दवरा-टंबलर (कॉफीची वाटी आणि पेला), पावडरीचा डबा. डिकॉक्शन गळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून हा कोपरा वर्दळीच्या बाहेर असावा.

खालच्या खणांची मांडणी भांडी मोजून करा. इडलीपात्र, मोदकपात्र आणि मोठा कुकर यांना बारा इंच उंचीचा खण लागतो. बाजारातल्या तयार मॉड्युलर रचनेत असा खण बहुधा एकच असतो. दोन मागून घ्या. गव्हाच्या पिठाचा डबा आणि तांदळाचं पिंप, दोन्ही मोठे असतात. भाकरी-पोळी आणि तीनदा भात, असं दोन्ही खाणाऱ्या घरात त्यांना समोरासमोर जागा द्या, एक आत आणि एक बाहेर असं नको.

पितळी भांड्यांची मांडणी उघडी, दहा-बारा इंच खोल, डोळ्यांच्या उंचीवर. शोभेलाही तीच पुरते. रसमचं ईयच्चोंबु मात्र मराठी सासूबाईंना दाखवून सांगा: ते कथलाचं असतं आणि कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं कधीही आचेवर ठेवायचं नाही. आधी पाणी किंवा रस, मग मंद गॅस. इंडक्शनवर ते चालत नाही. आपल्या पितळी पातेल्यांना आतून जी कल्हई करतात तीही कथलाचीच, त्यामुळे हे त्यांना पटकन पटतं.

मासे-मटण होणार असेल तर तव्या-पातेल्यांचा, सुरीचा आणि फळीचा खण वेगळा करा, सिंकला दोन कुंड्या घ्या, फ्रीजचा सर्वात खालचा कप्पा राखून ठेवा. चिमणी नळीने बाहेर हवा टाकणारीच असावी. आतल्या आत गाळणारीने वास जात नाही. सोसायटीला चालत असेल तर ड्राय बाल्कनीत सोळा अँपिअरचा प्लग देऊन इंडक्शन शेगडीची सोय करा, खिडकी उघडी ठेवून तळण तिथे.

पायरी ९: भिंती, कापड, बाल्कनी

तंजावर चित्राला मराठी घरात जागा मागताना कुणाची समजूत घालावी लागू नये. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला गेले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. या चित्रशैलीला त्यांच्याच दरबारात मोठा आश्रय मिळाला. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो आजही तिथे आहे. मराठी-तमिळ घरात मोठ्या भिंतीवर एकच चित्र लावायचं असेल तर मी तंजावरच सुचवते.

पण ते लाकडावर कापड, त्यावर खडूचा उठाव आणि सोन्याचा वर्ख असं बनतं, म्हणून ओल त्याची वैरीण. नैऋत्येकडची, पाऊस झेलणारी बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा. चित्र आणि काच यांत फट हवी, चौकटीमागे भिंतीपासून अर्धा इंच मोकळं. प्रकाश पिवळसर, तीन हजार केल्विनच्या आत, आणि वरून तिरपा, म्हणजे काच चमकत नाही. वारली चित्र त्याच भिंतीवर शेजारी लावू नका. सोन्यापुढे गेरूचं चित्र फिकं पडतं. त्याला बोळात किंवा झोपायच्या खोलीत स्वतंत्र भिंत द्या.

कापडात फार खर्च करू नका. पडदे साधे सुती, उशांचे अभ्रे खणाचे, पंगतीला तमिळनाडूतल्या भवानी गावचं पट्ट्यांचं जमक्काळम, म्हणजे सतरंजी, पलंगावर सोलापुरी चादर. मदुराईची सुंगुडी साडी जुनी झाली की तिचं पांघरूण उत्तम होतं.

बाल्कनीत तुळशीला रोज चार-पाच तास ऊन मिळेल तो कोपरा द्या; वृंदावन सिमेंटचं नको, हलक्या कुंडीभोवती लाकडी किंवा पितळी घेर पुरतो. काचेच्या कठड्याच्या टॉवरमध्ये गुढी बाहेर काढता येत नाही आणि वाऱ्याने काठी खाली पडली तर कुणाचा तरी जीव जाईल. कठड्याच्या आत भिंतीला तिरपा पाइप बसवून घ्या, काठी त्यात घट्ट बसते. वर छताला आकाशकंदिलाची कडी, आणि कार्तिगै दीपमच्या पणत्यांसाठी कठड्यालगत सहा इंचांचा दगडी पट्टा, म्हणजे तेलाने टाइल खराब होत नाही.

कामाचा क्रम आणि पहिला पावसाळा

आधी विजेचं आणि नळाचं काम, मग फरशी, मग स्वयंपाकघर आणि देवघर, मग पायऱ्या आणि दाराचा बाक. चित्रं, कापड, झोपाळा हे सगळं राहायला गेल्यावर घ्या, शक्य असेल तर एक नवरात्र घरात काढून. सागवानाचं काम जून ते सप्टेंबरमध्ये करून घेऊ नका; लाकूड ओल धरून फुगतं आणि दिवाळीनंतर सांधे उघडतात.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आत्तंगुडी टाइलवर खोबरेल तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. पितळी भांड्यांची कल्हई उतरली असेल तर करून घ्या. गोलूच्या बाहुल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात भरा, आणि डब्यावर कोणती बाहुली कोणत्या पायरीची ते लिहून ठेवा. श्रावणात एकदा उघडून वारा द्या. तंजावर चित्राच्या मागची बाजू दर पंधरवड्याला पाहा, भिंत दमट लागली तर चित्र तात्पुरतं आतल्या खोलीत हलवा.